हितं कट मारलाय

इन्स्टाग्रामवर ‘कोल्हापुरी’ लिहून जे काही फिरतंय त्यातलं निम्मं कोल्हापुरात कुणी खात नाही. कोल्हापुरी पनीर, कोल्हापुरी मॅगी, कोल्हापुरी मोमो, मध्ये तर कोल्हापुरी पास्ता पण बघितला, लालभडक, वर बोटभर तेल आणि खाली लिहिलेलं “अस्सल गावरान झणका, शेवटपर्यंत बघा”. अर्थात रीलवाल्यांनाच कशाला नावं ठेवायची, व्हेज कोल्हापुरी नावाची भाजी त्यांच्या कितीतरी आधीपासून देशभरच्या हॉटेलात मेनूकार्डावर बसलेली आहे, आणि बाहेरगावचा पाहुणा महाद्वार रोडवर उभा राहून ती कुठं चांगली मिळते विचारतो तेव्हा त्याला काय सांगायचं हा आमच्यासारख्यांचा कायमचा प्रॉब्लेम. इथं घरात तांबडा होतो, पांढरा होतो, आक्खा मसूर, झुणका, खर्डा सगळं होतं, पण व्हेज कोल्हापुरी कुणाच्या आईनं केलेली मी तरी बघितली नाही. थोडक्यात आमच्या गावाचं नावच एक चालणारं थंबनेल आहे. लाल दिसलं की तिखट, तिखट म्हटलं की कोल्हापूर, विषय संपला.

आणि गंमत अशी की तो लाल रंग आणि तिखटपणा यांचा तेवढा काही संबंधच नाही. ब्याडगी मिरची, ती हावेरी जिल्ह्यातली सुरकुतलेली, तिचा रंग इतका गडद की रश्श्यावर तर्री कशी येते बघत बसावं, पण तिखटाला अगदी बेताची. जाळ पाहिजे तर लवंगी, नाहीतर निपाणीच्या पुढं संकेश्वर आहे तिकडची संकेश्वरी. चटणी करणारी बाई ह्या मिरच्या मिसळते, एक रंगाला, एक तिखटाला, आणि किती कुठली घ्यायची हे प्रत्येक घराचं वेगळं. त्यामुळं व्हिडिओत रस्सा रक्तासारखा लाल दिसतोय यावरून तो किती जहाल आहे हे कुणालाच कळणार नाही, तरी ‘भारतातली सगळ्यात तिखट मिसळ’ म्हणून कोण तरी येतं, पहिला घास गिळायच्या आधीच खोकायला लागतं आणि शेजारच्या टेबलावर शाळेचं पोरगं तीच मिसळ कट मागून मागून खात असतं. ते पोरगं मात्र फ्रेममध्ये घेत नाहीत.

आमच्या घरात हे सगळं पकडायचं डोकं आत्याचं. फोन तिनं उशिरा हातात घेतला, पण रेसिपीचे व्हिडिओ ती आमच्यापेक्षा जास्त बघते, आणि बघायची पद्धत एकदम वेगळी. पहिलं म्हणजे आवाज बंद. “बोलून बोलून लक्ष दुसरीकडं न्हेत्यात” हे तिचं म्हणणं, आणि विचार केला तर बरोबरच आहे, कारण ते गाणं आणि तो ‘हॅलो फ्रेंड्स’ काढून टाकला की उरतं ते नुसतं भांडं, हात आणि जाळ. मग ती फक्त भांड्याकडं बघते. कांदा पडला, दोनदा उलथनं फिरलं आणि लगेच पुढच्या क्षणी खमंग तपकिरी, की ती बोट ठेवते स्क्रीनवर, त्यामुळं व्हिडिओ थांबतो आणि थांबलेलाच बरा असतो. “हितं कट मारलाय बघ. कांदा टाकताना हिच्या हातात हिरव्या बांगड्या व्हत्या, आता बांगड्याच न्हाईत.” एकदा तर तिनं कढई बदललेली दाखवली, कडेला चेंबलेली होती ती सरळ झाली होती. आणखी एक म्हणजे वाफ. रस्सा उकळतोय म्हणतात आणि वर वाफेचा पत्ता नाही, मग ती तर्री रश्श्याची कशी असेल, ती वेगळ्या वाटीत तेल तापवून त्यात काश्मिरी पावडर घालून वरनं ओतलेली. कॅमेऱ्यासाठी असं सगळीकडंच करतात, जाहिरातीतलं आईस्क्रीम दिव्याखाली वितळतं म्हणून त्या जागी कुस्करलेला बटाटा ठेवणं ही तर फोटोवाल्यांची जुनी युक्ती, त्यामुळं तिला त्याचा रागही नसतो. तिचा राग वेळेवर आहे. “धा मिन्टात तांबडा म्हणं. मटण काय बशीतनं चहा पिल्यागत शिजतंय व्हय.”

मला वाटतं सगळी मेख इथंच आहे. रेसिपी खोटी असते ती बहुतेक वेळा साहित्यात नसते. साहित्य बरोबरच असतं, कारण ते सगळ्यांना माहीत असतं. लबाडी असते ती वेळेत. कांदाच घ्या, १०० ग्रॅम कांद्यात जवळपास ८९ ग्रॅम नुसतं पाणी. जोवर ते पाणी आहे तोवर कढईतला कांदा १०० डिग्रीच्या फार वर जातच नाही आणि खरपूस रंग यायला त्याच्या बरंच वर जावं लागतं, म्हणजे आधी पाणी आटणार, मग रंग धरणार, आणि ह्याला कमी आचेवर अर्धा-पाऊण तास लागतो, कुणाच्याही आजीला लागायचा आणि कुठल्याही इन्फ्लुएन्सरला लागतोच. आच मोठी केली तर कडा जळतात आणि मध्ये कच्चा राहतो. ही थाप काही रीलवाल्यांनी काढलेली नाही. अमेरिकेतल्या एका पत्रकारानं २०१२ साली यावर अख्खा लेख लिहिला होता, की मोठमोठ्या वर्तमानपत्रातल्या छापील रेसिप्या कांदा पाच-दहा मिनिटात तपकिरी होतो म्हणून सरळ खोटं सांगतात, आणि त्यानं स्वतः घड्याळ लावून कांदा परतून दाखवला. म्हणजे छापील असताना पण हेच चालू होतं, फक्त तेव्हा बांगड्या दिसत नव्हत्या.

मटणाचं तसंच. कुकरमध्ये प्रेशर चढलं की आत १२० डिग्रीच्या आसपास जातं, म्हणून लवकर शिजतं, पण त्यातल्या शिरा, चिवट भाग मऊ व्हायला वेळ लागतोच, बोकड कसं आहे त्यावर. आणि कुकर गरम व्हायचा वेळ, शिट्ट्या, मग थंड व्हायचा वेळ, हे त्या दहा मिनिटात कुणीच धरत नाही. वाटणाचं खोबरं किसणं, तीळ-खसखस भाजणं, ते पण नाही. ‘फक्त ५ मिनिटात’चा खरा अर्थ असा असतो की शेवटची ५ मिनिटं आम्ही दाखवली.

आता मथळ्यांबद्दल. मराठी रेसिपी चॅनेलची एक स्वतःचीच बोली तयार झालीय आणि ती मला, खोटं कशाला बोलू, आवडते पण. “ना मावा, ना पाक, ना तासन्‌तास ढवळणं”, “१ वाटी रव्यात डब्बाभर”, “चकली बिघडणारच नाही, १० टिप्ससहित”, “हॉटेलवाले हे कधीच सांगत नाहीत”, “ही १ वस्तू घाला आणि कमाल बघा”, “बघणारे विचारतील कुठून आणलं”, “बाजारातून आणणं विसराल”. ऐकायला कीर्तनासारखं लयीत असतं. ह्यातला सगळ्यात जुना गळ म्हणजे ‘ही १ वस्तू’. जॉर्ज लोवेनस्टाइन म्हणून कार्नेगी मेलन युनिव्हर्सिटीतले प्राध्यापक आहेत, त्यांनी १९९४ मध्येच मांडून ठेवलंय की माणसाला कुतूहल कधी टोचतं, तर आपल्याला बरंचसं माहीत आहे आणि एवढीशीच फट राहिलीय असं वाटलं की. अजिबात माहीत नसलेल्या गोष्टीची कुणाला उत्सुकता नसते. म्हणूनच ही आमिषं स्वयंपाकात एवढी चालतात, कारण पोहे, चकली, भाकरी सगळ्यांना येते, म्हणजे येते असं वाटतं, आणि कुणीतरी म्हटलं की तुम्ही ही एक चूक करताय तर झोप उडते. आमच्या घरच्या ग्रुपवर ‘भात शिजवताना ९९ टक्के बायका ही चूक करतात’ असं आलं तेव्हा तो उघडून बघणाऱ्यात सगळ्यात पुढं कोण होतं तर ज्यांनी आयुष्यात भात लावला नाही ते आमचे काका.

(चूक काय निघाली तर तांदूळ धुऊन थोडा वेळ भिजवत नाही. नऊ मिनिटांचा व्हिडिओ होता.)

नऊच मिनिटं का, यालाही कारण आहे. यूट्यूबवर व्हिडिओ ८ मिनिटांपेक्षा मोठा असेल तर मधे मधे जाहिराती टाकता येतात, आधी ही हद्द १० मिनिटांची होती, २०२० मध्ये ती ८ वर आणली. त्यामुळं दोन मिनिटांची गोष्ट आठच्या पुढं न्यायची, म्हणजे आधी हवामान, मग श्रावण, मग लाईक-शेअर, मग “आता मी तुम्हाला तो सिक्रेट पदार्थ दाखवणार आहे पण त्याआधी”. आणि रीलचं उलटं, तिथं एवढं पटपट दाखवायचं की प्रमाण कळूच नये आणि माणसानं पुन्हा पहिल्यापासून लावावं. फेसबुकवर तिसराच प्रकार, “रेसिपी हवी असेल तर कमेंटमध्ये YES लिहा” असं पूर्वी असायचं, आता मराठीत ‘चटणी’ लिहा म्हणतात आणि लिहिलं की मशीन आपोआप मेसेज पाठवतं, आधी फॉलो करा मग लिंक मिळेल. असल्या लाइक-कमेंट मागणाऱ्या पोस्ट खाली ढकलणार असं फेसबुकनं २०१७ च्या डिसेंबरात जाहीर केलं होतं. किती खाली ढकलल्या ते तुमच्या फोनवर बघा. यूट्यूबनं पण २०२४ च्या डिसेंबरात भारतासाठी म्हणून सांगितलं की आत काहीच नसताना मथळ्यात भलतंच सांगणारे व्हिडिओ काढून टाकू, पण त्यांचा सगळा रोख बातम्या आणि ताज्या घडामोडींवर, तेव्हा ‘१ वाटी रव्यात डब्बाभर’ला भिण्याचं कारण नाही.

इथपर्यंत सगळं हसण्यावारी न्यायचं. वेळ वाया जातो, चार वाट्या रवा वाया जातो, तेवढंच. पण काही मथळे वाचून खरंच पोटात गोळा येतो आणि तिथं मी ग्रुपवर वाईटपणा घेतो. उदाहरणार्थ तो लसणाचा. सोललेला कच्चा लसूण बरणीत भरा, वरून तेल ओता, फ्रीजची गरज नाही, सहा महिने ताजा. दिसायला इतकं छान, आणि आपण लोणचं घालणारी माणसं असल्यामुळं खरंही वाटतं. पण लोणच्यात मीठ असतं, आंबटपणा असतो, मोहरी असते, आणि तेल त्याच्यावर राखणीला. इथं लसणात आंबट काही नाही, ओल आहे, मातीतून आलेले सूक्ष्म बीजाणू आहेत आणि तेलामुळं हवा बंद. बोट्युलिझम म्हणजे अन्नातून होणारी जीवघेणी विषबाधा, तिच्या जंतूला नेमकं हेच पाहिजे असतं, आणि तो जे विष तयार करतो ते वासाला किंवा चवीला कळेलच असं नाही. १९८५ मध्ये कॅनडात व्हँकुव्हरच्या एका रेस्टॉरंटमध्ये तेलातला लसूण बाहेर ठेवलेला होता, ३० हून जास्त लोक आजारी पडले, आणि पुढं १९८९ मध्ये अमेरिकेत विकतच्या असल्या बरण्यांत आम्ल घालणं सक्तीचं झालं. घरी करायचाच तर थोडा करावा, फ्रीजमध्ये ठेवावा आणि चार दिवसात संपवावा. हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं तर खाली एकानं 🙏 टाकला आणि पाच मिनिटांनी दुसऱ्यानं तोच व्हिडिओ परत.

ऑस्ट्रेलियात अ‍ॅन रिअर्डन म्हणून एक बाई आहेत, शिक्षणानं फूड सायंटिस्ट, त्या कितीतरी वर्षं हेच काम करतात, व्हायरल झालेली युक्ती घ्यायची, जशी दाखवलीय तशीच करून बघायची आणि काय होतं ते कट न मारता दाखवायचं. बहुतेक वेळा काहीच होत नाही. ताज्या मक्याच्या कणसाचे पॉपकॉर्न होत नाहीत, कारण लाही फुटायला कडक सालीचा, नीट वाळलेला वेगळा मका लागतो. मला त्यांचं बघून नेहमी वाटतं की असं मराठीत कुणीतरी करायला पाहिजे, आणि मग वाटतं आत्या करतेच की, फक्त कॅमेरा नाही.

तिची आणखी एक परीक्षा आहे आणि ती मला सगळ्यात जास्त पटते. ‘वर्षभर टिकणारी कांदा लसूण चटणी’ असं काही आलं की ती विचारते, “वर्सानं कुणी बघितलं काय हिच्या डब्यात?” व्हिडिओ काल केला, आज टाकला, मग वर्षभर टिकते हे कुणी ठरवलं. आणि मिक्सरमध्ये कच्चा कांदा वाटून केलेली चटणी टिकणारच नाही, आठवड्यात बुरशी धरेल. आमच्याकडं मार्च-एप्रिलच्या उन्हात मिरच्या वाळतात, देठं खुडताना सगळ्या घराला ठसका, मग कांदा उभा चिरून वाळवायचा किंवा तेलात पार कुरकुरीत होईपर्यंत तळायचा, खोबरं, तीळ, धणे, लवंग, दालचिनी, दगडफूल, नाकेश्वर एकेक वेगळं भाजायचं, मग डबे घेऊन कांडपावर नंबर लावायचा आणि घरी येऊन रात्री अंघोळ केली तरी हाताची आग जात नाही. ती चटणी टिकते कारण तिच्यात ओल शिल्लकच ठेवलेली नसते आणि मीठ भरपूर. एवढी यातायात गाळून ‘टिकणारी’ तेवढं ठेवलं की झाला मथळा.

आता दुसरी बाजू, कारण मी पण काही फार सोवळा नाही. आमच्या गल्लीत एका काकूंचं चॅनेल आहे. स्वयंपाक अव्वल, कुणाच्याही बारशाला बोलावणं असतं त्यांना. कॅमेरा, एडिटिंग मुलगी बघते. पहिल्यांदा त्यांनी सरळ नाव दिलं, ‘कांदा लसूण चटणी, २ किलो मिरचीचं प्रमाण’, व्हिडिओत सगळं तपशिलात, कुठली मिरची किती, कांदा किती वेळ तळला, आणि मुख्य म्हणजे खोबरं जास्त भाजलं तर चटणी कडू होते आणि मग काहीच करता येत नाही हेसुद्धा. बघितला गल्लीनं आणि पुण्याच्या नातेवाइकांनी. मग मुलीनं तोच व्हिडिओ, एक सेकंद न बदलता, नाव बदलून टाकला, ‘ही १ वस्तू कमी पडली तर चटणीला बुरशी लागणारच!’ आणि तो पळाला. ती वस्तू मीठ. लोकांनी कमेंटमध्ये शिव्या दिल्या, मिठासाठी एवढं नाटक म्हणून, पण शेवटपर्यंत बघितला आणि प्रमाण उतरवून घेतलं.

आत्याच्या मते ही फसवणूकच. मला नाही वाटत तसं. मथळ्यात जे म्हटलंय ते खरं आहे, मीठ कमी पडलं तर टिकत नाही, आणि आत गेल्यावर माणसाला मथळ्यापेक्षा जास्त मिळतं. असल्या मोठ्या व्हिडिओंवर यूट्यूबकडून जाहिरातींचे पैसे सुरू व्हायला १००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४००० तास लोकांनी बघितलेलं पाहिजे, आणि हे गाठायचं तर ज्या बाजारात सगळे ओरडतायत तिथं काकूंनी हळू बोलून कसं चालेल. मी आता मथळ्यावर फारसं ठरवतच नाही. आत जाऊन दोनच गोष्टी बघतो. खाली प्रमाण लिहिलंय का, म्हणजे ‘अंदाजे’ आणि ‘चवीनुसार’ सोडून आकड्यात, आणि पदार्थ कुठं बिघडतो हे सांगितलंय का. ज्यानं तो पदार्थ खरंच खूप वेळा केलाय त्याला बिघडायची जागा माहीत असते आणि ती सांगितल्याशिवाय त्याला राहवत नाही. ‘बिघडणारच नाही’ म्हणणाऱ्यानं एकतर केलेला नाही, नाहीतर आपल्याला सांगायचं नाही. अजून एक जाता जाता, मसाल्याचं पाकीट दर वेळी बरोबर कॅमेऱ्याकडं तोंड करून उभं असेल तर कोपऱ्यात कुठं ‘जाहिरात’ लिहिलंय का ते शोधायचं, जाहिरातींची जी एएससीआय नावाची संस्था आहे तिच्या २०२१ च्या नियमाप्रमाणं ते लिहावं लागतं, आणि लिहिलं असेल तर निदान माणूस सरळ आहे.

परवा काकूंचं पांढऱ्या रश्श्याचं शूटिंग झालं. पांढरा म्हणजे नारळाच्या दुधाचा खेळ, मटणाचं अळणी पाणी गरम पाहिजे, दूध शेवटी घालायचं, आच बारीक, पळी फिरवत राहायची, आणि एकदा का खळखळून उकळला की फुटला, मग काजू-खसखशीची पेस्ट किती घाला, तो वरनं पाणी आणि खाली चोथा. काकूंनी शूटिंगमध्ये मुद्दाम वाटीभर रस्सा वेगळ्या पातेल्यात उकळून फोडून दाखवला, असा होतो बघा म्हणून. मला तो तुकडा सगळ्या व्हिडिओत भारी वाटला. संध्याकाळी कट्ट्यावर बसून नाव काय द्यायचं यावर चर्चा. मुलीचं म्हणणं ‘९० टक्के लोकांचा पांढरा रस्सा इथेच फुटतो’. मी म्हटलं ते ९० टक्के काढ, कुणी मोजलेत, नुसतं ‘पांढरा रस्सा इथे फुटतो’ ठेव. काकूंना ‘माहेरची आठवण’ असं काहीतरी हवं होतं.

आत्या म्हणाली, “नुसतं पांढरा रस्सा लिवा. ज्याला करायचाय त्यो बघंल की.”

“आत्या,” मुलगी म्हणाली, “मग बघणार फक्त तूच.”

“मी बघतो की,” आत्या म्हणाली, “पण आवाज बंद करून.”